भिंतीवर न लिहिलेला नियम

मी गणिताचा मास्तर होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं, असं कुणी म्हणणार नाही. कोपरगावच्या एका हायस्कुलात बीजगणित आणि भूमिती शिकवायची, संध्याकाळी सायकल काढून गावातल्या बुद्धिबळ मंडळात जाऊन बसायचं, असा माझा तेव्हाचा दिनक्रम. मंडळाचा मी सेक्रेटरी होतो. म्हणजे किल्ली माझ्याकडे, झाडू माझ्याकडे आणि वार्षिक अहवालही माझ्याकडे.

अजूनही वर्षातून एकदा-दोनदा कुणी ना कुणी घरी येतं. आमच्या स्पर्धेला पाहुणे म्हणून या, बक्षिसं तुमच्या हस्ते द्यायची आहेत, म्हणतं. मी गुडघ्याचं निमित्त सांगतो. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण बक्षीस द्यायला गुडघा कशाला लागतो, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. मग ते लोक सांगत बसतात, कुणाचं रेटिंग किती, कुणाला प्रवेश फी माफ, कुणाला बक्षिसाची रक्कम किती. मी मान हलवतो. मला कंटाळा येतो. तो त्यांचा नाही, माझाच येतो.

साल बहात्तर. पावसानं सलग पाठ फिरवलेली, जिकडेतिकडे दुष्काळी कामं निघालेली, आणि आमच्या मंडळात मात्र कधी नव्हे ती गर्दी. कारण तिकडे परदेशात एका रशियनाचा आणि एका अमेरिकनाचा जगज्जेतेपदासाठी सामना झाला होता आणि त्याचे डाव पेपरात छापून येत होते. तोवर आमच्या खेळाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे लोकही दारात थांबून विचारायचे, "काय मास्तर, घोडा अडीच घरंच चालतो ना अजून?"

आमचे अध्यक्ष वकील होते. वाहत्या गंगेत हात धुवून घ्यायची त्यांना उत्तम जाण. दिवाळीच्या सुटीत जिल्ह्यातल्या आठ खेळाडूंची स्पर्धा घ्यायची, त्यांनी ठरवून टाकलं. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, रोज एक फेरी, सात दिवस. एका व्यापाऱ्याकडून त्यांनी बक्षिसाचे पैसेही मिळवले. पहिल्याला एकशे एक रुपये, दुसऱ्याला पंचवीस. शिवाय पहिल्याला मंडळाच्या खर्चानं पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचं. आणि खेळ आपल्या देशी पद्धतीचा नाही, आंतरराष्ट्रीय नियमांचा.

"पण एक आहे," वकीलसाहेब मला म्हणाले, "बाहेरचे सोम्यागोम्या येणार. कोण किती पाण्यात आहे, ते आधी कागदावर पाहिजे. तुम्ही गणिताचे. काढा काहीतरी."

मी काढलं. आज आठवलं की कानशिलं तापतात, पण तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता. मागच्या तीन वर्षांत मंडळात झालेले सगळे डाव घेतले. जिंकलेल्या डावाला दोन गुण, बरोबरीला एक, समोरचा भारी असेल तर त्यात वाढ, हलका असेल तर घट. बेरजा, गुणाकार, सरासरी. दोन रात्री बसून यादी तयार केली. पहिल्या क्रमांकावर वकीलसाहेब, दुसऱ्यावर मी. ज्यानं मंडळात कधी डावच खेळला नव्हता त्याला शून्य, कारण शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. खेळ किती येतो ते त्या यादीत नव्हतंच. कोण आमच्या खोलीत किती वेळा येऊन बसलं, एवढंच होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हेच मी दशांश चिन्हाच्या पुढे दोन स्थळांपर्यंत काढून दाखवलं होतं.

यादीवरून बाकीचंही ठरलं. वरच्या चौघांना प्रवेश फी माफ, चहा-फराळ मंडळाचा. खालच्या चौघांनी माणशी तीन रुपये भरायचे. आणि शेवटची ओळ माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेली: समान गुण झाल्यास बक्षिसाची रक्कम विभागली जाणार नाही, यादीतील वरच्या खेळाडूस वरचे बक्षीस. हा कागद आणि त्याच्या शेजारी आंतरराष्ट्रीय नियमांचा कागद, दोन्ही मी शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर चिकटवले. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं चालू शकतं, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेता येतो, त्याला कॅसलिंग म्हणतात. आपल्या पद्धतीत नसलेलं जे जे होतं ते सगळं लिहिलं.

यादीत आठव्या क्रमांकावर, शून्य गुणांचे, एक शेतकरी होते. घोडेगावकडचे. जनावरांच्या बाजारात, लिंबाखाली कापडी पट अंथरून येईल त्याच्याशी खेळायचे, आणि नेवाशापासून नगरापर्यंतचे दलाल त्यांच्याकडून हरून जायचे, अशी कीर्ती आमच्या कानावर आली होती. म्हणून बोलावलं. पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत तो कापडी पट. सगळे त्यांना मामाच म्हणू लागले.

आल्या आल्या मामांनी दोन्ही कागद बोट ठेवून सावकाश वाचले. मग माझ्याकडे वळले.

"सर, म्हंजी ह्ये वरचं चौघं फुकाट खेळनार?"

"हो. त्यांचं मानांकन वरचं आहे ना."

"आन आमी खालचं, आमी पैसं भरायचं?"

"तसा नियम आहे."

"असू द्या. इच्यारलं आपलं." त्यांनी कनवटीची तीन रुपयांची पुरचुंडी सोडली. खडीच्या कामावर दिवसभर राबून तेवढे हातात पडत नसत. मी पावती फाडून दिली. त्या पावत्यांच्या पैशातूनच वरच्या चौघांचा चहा यायचा आणि त्यात मीही होतो. तो चहा मी आठवडाभर प्यालो, हेही सांगून टाकतो.

मामांची राहायची सोय शाळेच्या व्हरांड्यात होती. बांधून आणलेल्या भाकऱ्या दोन दिवसांत वाळल्या. तिसऱ्या दिवशी मी ते घरी सहज बोललो, तर बायको माझ्यावरच उखडली. "अहो, माणूस आपल्या गावात येऊन शिळं चावतोय आणि तुम्ही ते मला आत्ता सांगताय? संध्याकाळी घेऊन या त्यांना."

त्या दिवसापासून मामा रात्री आमच्याकडे जेवायचे. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं, आणि बायकोनं कुठून तरी मिळवलेला कांदा. आमच्या घरातही तेव्हा त्याहून अधिक काही शिजत नव्हतं. जेवताना मामा फारसं बोलायचे नाहीत. एकदाच बोलले, ते बायकोनं विचारलं म्हणून.

"मामा, घरी काय म्हणाले? कामाच्या दिवसात खेळायला कसं सोडलं?"

"सोडलं कुठं?" मामा हसले. "आमचा थोरला भाऊ हाय. समदं घर त्योच बघतो. चाळीस वर्सं झाली, म्हनतोय, ह्यो पट जाळून टाक, ह्याच्यावर कुनी कदी मोठं झालं न्हाई. खडीवरचा आठ दिसांचा रोज बुडवून आलोय मी. येताना त्येला म्हनलं, पैला नंबर आनतो. आनला तर पुन्यांदा मला कायबी बोलायचं न्हाई. त्यो म्हनला, व्हय, आन. न्हाई आनला तर पट चुलीत."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग काय. आनायचा."

हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं की मला थोडा रागच आला. मलाही पुण्याला जायचं होतं. मीही तीन वर्षं झाडू मारला होता. माझ्या बायकोला वाटतं त्यापेक्षा मला ते फार हवं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज आहे ती पुढच्या गोष्टीची.

पहिला डाव मामा हरले. वकीलसाहेबांनी कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात नेला आणि मामा पाहतच राहिले. पण नवे नियम अंगवळणी पडायला त्यांना तेवढा एकच डाव लागला. दुसरा जिंकले, तिसरा जिंकले. चौथ्या दिवशी त्यांचा डाव एका बँकेतल्या कारकुनाशी होता. माझा डाव लवकर आटोपला, म्हणून मी त्यांच्या पटाशी जाऊन उभा राहिलो. कारकुनाकडे राजा आणि एकुलतं एक प्यादं उरलं होतं. मामांचा हत्ती त्या प्याद्याच्या तोंडावर उभा. फुकटचं होतं, उचलायचं आणि टाकायचं. मामांनी नाही मारलं. उलट त्याला वाट करून दिली, त्याच्या बाजूबाजूनं राजाला कोंडलं आणि चार चालींनी मात केली. कारकुनाला वाटलं, म्हातारा मजा करतोय.

मला मात्र कळलं. लहानपणी मीही घरात देशीच खेळलेलो. आपल्या पद्धतीत समोरच्याचं शेवटचं मोहरं मारलं, राजा एकटा पडला, की डाव थांबतो. त्याला बुर्जी म्हणतात. जिंकत आलेल्याचा विजय जातो आणि बरोबरी होते. म्हणून देशी खेळणारा शेवटचं मोहरं जिवापाड सांभाळतो, समोरच्याचं. आंतरराष्ट्रीय नियमांत बुर्जी नाही. एकट्या राजालाही खुशाल मात करता येते. पण भिंतीवरच्या कागदात मी हे लिहिलं नव्हतं. मी पुस्तकातून नियम उतरवले होते, आणि पुस्तकात बुर्जीचं नावच नव्हतं. नसलेला नियम कोण लिहून ठेवतं?

रात्री मामा व्हरांड्यात परतल्यावर मी ही गंमत म्हणून बायकोला सांगितली. ती हसली नाही.

"मग तुम्ही सांगितलंत का त्यांना?"

"सांगेन की."

"आत्ताच का नाही सांगितलंत? इथंच तर बसले होते."

"अगं, नियम समजून घेणं हे ज्याचं त्याचं काम आहे."

"तुम्ही सेक्रेटरी ना? पंचही तुम्हीच ना?" तिनं ताटं उचलली. "आणि त्यांच्याशी डाव कुणाचा राहिलाय? तुमचाच ना?"

उद्या सांगू, म्हणून झोपलो. दुसऱ्या दिवशी मामा जिंकले, मीही जिंकलो. जेवताना शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मामांनी तेव्हाच विचारलं, "सर, पुन्याला कितीक लोक येत्यात खेळाया?" आणि मी पुण्याबद्दल बोलत बसलो. सहाव्या दिवशीही तसंच. बायको माझ्याकडे पाहायची, मी भाकरीकडे पाहायचो. तिनं स्वतःच का सांगितलं नाही, असं मी तिला पुढे कैक वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल असं शेवटपर्यंत वाटत होतं." याच्याइतकं लागेल असं ती मला आयुष्यात दुसरं काही बोलली नाही.

सहा फेऱ्यांनंतर मामांचे पाच गुण झाले होते, माझेही पाच. बाकीचे मागे. सातव्या दिवशी आमचा दोघांचा डाव. जो जिंकेल तो पहिला. बरोबरी झाली तर यादी.

डाव चार तास चालला. मामा माझ्यापेक्षा फार वरचे खेळाडू होते, हे तासाभरातच मला कळून चुकलं. बोलत नव्हते, घाई नव्हती. एकेक मोहरं माझ्याकडून असं काढून घेत गेले की मला ते गेल्यावर कळायचं. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक घोडा राहिला. त्यांच्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. माझा घोडा त्यांच्या हत्तीच्या रेषेत, कुणाचाही आधार नसलेला. मारला की संपलं. पाचवीतल्या पोरानंही मारला असता.

मामांचा हात हत्तीपर्यंत गेला. बोटं हत्तीला न लावता त्यांनी घोड्याकडे पाहिलं, मग हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. मला त्यांच्या मनातलं शब्दन् शब्द वाचता येत होतं. मारला तर बुर्जी. बुर्जी झाली तर बरोबरी. बरोबरी झाली तर यादी. यादीत आपण शून्य. माझ्या त्या कागदाला भिऊन त्यांनी तो घोडा सोडला.

मला एवढंच म्हणायचं होतं, मामा, इथं बुर्जी नसते. पाच शब्दही नाहीत. पंच म्हणून ते माझं कामच होतं. सभोवती पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यातल्या एकालाही समजलं नव्हतं. बोलणारा मी एकटाच होतो आणि मी माझ्या घोड्याकडे बघत गप्प बसलो. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण आतून कसं असतं ते मला माहीत आहे. ते फार शांत असतं.

मामांनी प्यादं एक घर पुढे केलं. माझ्या घोड्यानं उडी मारली, राजाला शह आणि हत्तीवर मारा. शह चुकवावाच लागला आणि हत्ती गेला. मग एक प्यादं गेलं, मग दुसरं. पटावर दोन राजे आणि माझा घोडा उरला. त्यात कुणालाच मात करता येत नाही. बरोबरी.

मामांनी आपल्या एकट्या राजाकडे बघितलं आणि हसले. "घ्या. शेवटी माजीच बुर्जी झाली की."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांच्या तळव्याला खडीचे घट्टे होते.

बक्षीस समारंभ लगेच संध्याकाळी झाला. वकीलसाहेबांनी भिंतीवरचा कागद वाचून दाखवला. दोघांचे साडेपाच गुण, यादीत दुसरे आमचे सेक्रेटरी, आठवे हे पाहुणे, म्हणून सेक्रेटरी पहिले. टाळ्या झाल्या. मामा पुढे आले, पंचवीस रुपयांचं पाकीट घेतलं आणि तिथंच उभे राहिले.

"सायेब, एक इच्यारू का? ही यादी खेळायच्या आदी केली न्हवं?"

"हो, आधीच लावलीय. सगळ्यांना माहीत आहे."

"मग आदीच ठरलं हुतं तर आमाला खेळवलं कशाला?"

वकीलसाहेब म्हणाले, "मामा, नियम म्हणजे नियम." लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

मामा पिशवी भरत असताना तो बँकेतला कारकून त्यांच्याजवळ गेला. "मामा, तो घोडा का हो सोडलात? फुकट होता." मामांनी सांगितलं. कारकून मोठ्यानं म्हणाला, "अहो, पण इथं बुर्जी नसते!" मामांनी मान वर करून मला शोधलं आणि माझ्याकडे आले.

"सर, ह्ये म्हनत्यात बुर्जी नसती. खरं का?"

"खरं आहे, मामा."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "बरं," म्हणाले. "माजीच चूक. इच्याराय पायजे हुतं." आणि रात्रीच्या जेवणाला न थांबता एसटी स्टँडकडे गेले. बायकोनं त्यांच्या वाटणीचं पिठलं झाकून ठेवलं होतं. तिनं माझ्या ताटात ते वाढलं नाही.

पुण्याला मी गेलो. नऊ डाव खेळलो, सात हरलो. हे मी न्याय झाला म्हणून सांगत नाही. न्याय वगैरे काही झालं नव्हतं, मी फक्त वाईट खेळलो. एकशे एक रुपये घरात आले तेव्हा बायको म्हणाली, "ह्यातलं मीठसुद्धा मला नको." ते पाकीट भूमितीच्या पुस्तकात पडून राहिलं. पुढच्या सभेत मी ठराव मांडला, समान गुण झाले तर बक्षीस समान वाटावं आणि फी एक तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. वकीलसाहेब म्हणाले, "बक्षीस खिशात घातल्यावर बरं सुचतंय तुम्हाला." यात चूक काय होती? ठराव पडला. मी सेक्रेटरीपद सोडलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

गणिताच्या माणसाला हिशेबाशिवाय झोप येत नाही. दोन्ही बक्षिसं मिळून एकशे सव्वीस. समान वाटली असती तर त्रेसष्ट-त्रेसष्ट. म्हणजे मामांचे अडतीस रुपये माझ्याकडे. ही झाली यादीची चूक. पण मी तोंड उघडलं असतं तर ते सरळ पहिलेच आले असते. मग त्यांचे शहात्तर. ही झाली माझी. किती द्यायचे ते ठरवायला मला सहा महिने लागले, आणि शेवटी मी अडतीस घेऊन निघालो. यादीवर ढकलता आलं तर बघावं, एवढाच त्याचा अर्थ.

उन्हाळा पेटला होता. श्रीरामपूरला गाडी बदलली, नेवासा फाट्याला पुन्हा बदलली आणि घोडेगावला बाजाराच्या दिवशी उतरलो. बाजारात जनावरं खंडीभर आणि गिऱ्हाईक मोजकं. लिंबाखाली मामा बसले होते. समोर लाकडी फळकुटावर खडूनं आखलेला पट. कापडी पट दिसला नाही. मी विचारलं नाही.

"सर? तुमी आन इकडं?" ते धडपडत उठले. "बसा. पानी आना रं सरांना."

पाणी प्यालो. त्यांनी मोहरी मांडली. देशी पद्धतीचा डाव. आम्ही खेळू लागलो आणि खेळता खेळता त्यांनीच विषय काढला.

"थोरल्यानं पट जाळला, सर. आपली बोलीच हुती. त्येचं काय वाटलं न्हाई. पर त्यो म्हनला, ह्या शिकलेल्या लोकांनी तुला फशिवलं. त्या मास्तराला ठावं हुतं, त्येनं मुद्दाम सांगितलं न्हाई. तवा मात्र मी भांडलो. उभ्या जन्मात थोरल्याला उलटून बोललो न्हवतो, त्या दिशी बोललो. म्हनलं, मी त्यांच्या घरी जेवलोय. ठावं असतं तर त्यांनी सांगितलं असतं." त्यांनी उंट सरकवला. "सा म्हैनं बोलत न्हाई आमी एकमेकांशी."

खिशातलं पाकीट मला लागत होतं. काही न बोलता निघून यायची संधी होती. त्यांनी मला काही विचारलंही नव्हतं, त्यांचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. पण एकदा गप्प बसून पाहिलं होतं. पुन्हा ते जमेना.

"मामा," मी म्हणालो, "मला ठाऊक होतं. चौथ्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्यांचा हात पटावर थांबला. बाजारात बैल हंबरत होते, दलाल ओरडत होते, मला काहीच नीट ऐकू येत नव्हतं. मी पाकीट काढलं. त्यात अडतीसच होते. वरचे अडतीस मी घरी जाऊन मनीऑर्डरनं पाठवतो असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजी थोरलाच खरा," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी पटाकडे पाहिलं. माझ्याकडे अजून बरीच मोहरी शिल्लक होती, डाव रंगात होता. त्यांनी एकेक करून सगळी गोळा केली, त्यांची आणि माझीही, आणि पिशवीत टाकली.

"थांबा, मामा. डाव तरी पुरा करू."

"नगं, सर. घरी जायाला पायजे." ते उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "थोरल्याशी बोलायचं ऱ्हायलंय सा म्हैन्यांचं."

मी पाकीट फळकुटावर ठेवलं होतं. ते तिथंच राहिलं, खडूच्या चौकोनांवर. शेवटी मीच ते उचलून खिशात घातलं आणि नेवाशाची गाडी पकडली.